परक्यांनीं जपलेले सूर

गेल्या दिवाळीच्या साफसफाईंत आमच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी निघाली. तींत जुन्या चार टेपा होत्या. आमच्या थोरल्या काकांना गाण्याचें वेड. घरीं होणाऱ्या बैठका ते हौसेनें टेपवर घेत. एका जाणत्या गृहस्थाकडून त्या वाजवून घेतल्या, तों तिहींत नुसती खरखर, आणि चौथींत माझ्याच मुंजींतला गोंगाट! गाणें पुसून त्यावर मुंज भरली होती. अमेरिकेंत शिकून आलेला पुतण्या म्हणाला, "काका, ग्रेटफुल डेडच्या चाहत्यांना हें सांगूं नका. त्यांना रडूं कोसळेल."

हें नांव ऐकून वाचक दचकतील, मीहि दचकलों. कोणी वाटसरू परक्या मृताचें कर्ज फेडून त्याला मूठमाती देतो आणि पुढें तोच मृतात्मा त्याच्या उपयोगीं पडतो, अशा जुन्या लोककथांचें हें नांव. जेरी गार्सिया यांना तें एका कोशांत सांपडलें आणि कॅलिफोर्नियांतील त्यांच्या रॉक वाद्यवृंदाला चिकटलें. हा वाद्यवृंद १९६५ मध्यें उभा राहिला, आणि ९ ऑगस्ट १९९५ रोजीं गार्सिया वारले तेव्हां संपला. दरम्यान त्यांचे दोन हजारांहून अधिक जलसे झाले. त्यांचें वादन बरेंचसें उत्स्फूर्त. एकच गाणें आज दहा मिनिटें, तर उद्यां वीस. आपल्याकडील चिजेसारखें रोज निराळें. अर्थात् बाजारांतल्या ध्वनिमुद्रिकेवर रसिकांची तहान भागेना, आणि ते स्वतःचींच यंत्रें लपवून जलशाला नेऊं लागले.

दुसऱ्या कोणी त्यांना बाहेर काढलें असतें. एकदां वाजवून झालें कीं आपल्याला त्याचा उपयोग नाहीं, ज्याला हवें त्यानें घ्यावें, असें गार्सिया यांचें मत. पुढें माइकच्या काठ्यांचें रान इतकें वाढलें कीं १९८४ च्या ऑक्टोबरांत बर्कले येथील जलशापासून या मंडळींना बसण्यास वेगळी जागा नेमून देण्यांत आली. त्यांचा आपसांतला नियम मात्र कडक: पैसा घ्यावयाचा नाहीं. कोऱ्या कॅसेटी आणि परतीचें टपाल पाठवावें, प्रत मिळेल. प्रतीवरून प्रत काढतांना दर वेळीं खरखर वाढते. म्हणून आपली प्रत मूळ टेपेपासून कितवी, हें ते लोक वंशावळीसारखें टिपून ठेवीत. आम्ही आपलीं गोत्रें इतक्या काळजीनें सांभाळलीं असतील कीं नाहीं, कोण जाणे!

पण माझें मन गुंतलें तें बेटी कॅन्टर-जॅक्सन या बाईंच्या हकीकतींत. वाद्यवृंदाच्या ध्वनियंत्रणेंत काम करणाऱ्या या बाईंनीं शेंकडों जलसे टेपेवर घेतले. ८ मे १९७७ रोजीं न्यूयॉर्क राज्यांत इथाका येथें, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉल नांवाच्या व्यायामशाळेंत जलसा झाला. मे महिना असून बाहेर बर्फ पडलें. त्या रात्रीची त्यांची टेप पुष्कळ रसिक सर्वांत श्रेष्ठ मानतात. पुढें बाईंचे दिवस फिरले. टेपा ठेवलेल्या गाळ्याचें भाडें थकलें, आणि १९८६ मध्यें त्यांच्या सामानाबरोबर त्या लिलांवांत विकल्या गेल्या. परक्या हातीं पडलेल्या त्या टेपांपैकीं कांहींना ओलीनें बुरशी चढली. रसिकांनीं त्या स्वच्छ केल्या, नीट केल्या, त्यांच्या प्रती वांटल्या. त्याच कॉर्नेलच्या टेपेला अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें २०११ च्या राष्ट्रीय ध्वनिसंग्रहाच्या यादींत स्थान दिलें, आणि २०१७ मध्यें ती रीतसर प्रसिद्ध झाली. म्हणजे चाळीस वर्षांनीं!

लोककथेंतील वाटसरू मला येथें आठवतो. तरी या गोड गोष्टींत एक कांटा आहेच. जिनें हें सारें टिपलें तिच्याच हातीं तें राहिलें नाहीं, आणि थकलेलें भाडें भरण्यास त्या दिवशीं कोणी पुढें आलें नाहीं. रसिकांचें प्रेम टेपेवर जितकें असतें तितकें टेप करणारावर असतेंच असें नाहीं.

मालकीचा तंटाहि झालाच. २००५ मध्यें इंटरनेट आर्काइव्हवरील त्यांच्या जलशांच्या प्रती उतरवून घेण्यास बंदी आली, तेव्हां चाहते खवळले. थोड्याच दिवसांत तडजोड झाली: प्रेक्षकांनीं स्वतः टिपलेलें खुशाल घ्यावें, व्यवस्थेच्या यंत्रांतून घेतलेलें केवळ तेथेंच ऐकावें. मला हा निवाडा योग्य वाटतो. पुतण्याला वाटत नाहीं, आणि त्या रात्रीं आमचें जेवण बरेंच लांबलें.

शेवटीं काकूंनीं विचारलें, "आपल्या बैठकीला आलेल्यांपैकीं कोणी टेप केली नसेल कशावरून?" हें माझ्या ध्यानींमनींहि नव्हतें. तेव्हांपासून मी त्या श्रोत्यांचीं नांवें आठवून लिहीत आहें. आजवर अकरा झालीं. त्यांपैकीं दोघांच्या घरीं टेपरेकॉर्डर होता, हें मला पक्कें आठवतें. एकाच्या मुलाचा पत्ताहि मिळाला आहे.