त्या वाशीजवळ डेटा सेंटर, आपल्या वाशीजवळ पवनचक्की

वाशी म्हटलं की आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला दोन गावं आठवतात. एक आपला तालुका. दुसरी नवी मुंबईतली, जिथल्या मार्केटला आपला माल जातो आणि पट्टी बघून तोंड कडू होतं. त्या वाशीहून थोडं पुढं गेलं की तुर्भे, महापे, रबाळे, ऐरोली असा एमआयडीसीचा पट्टा लागतो. बिनखिडक्यांच्या मोठाल्या इमारती, आत माणूस कमी आणि यंत्रं जास्त. हीच डेटा सेंटर. आपण मोबाईलवर पैसे पाठवतो, व्हिडिओ बघतो, त्यातला बराचसा कारभार असल्याच इमारतींतल्या सर्व्हरवर चालतो.

या दोन वाशींचा संबंध आता फक्त मार्केटपुरता राहिलेला नाही. अॅमेझॉनने आपल्या वापरासाठी भारतात जे पवन आणि सौर प्रकल्प जाहीर केले, त्यात १९८ मेगावॉटचा एक पवन प्रकल्प आपल्या जिल्ह्यातला आहे. कंपनीने जाहीर करताना नाव उस्मानाबाद असंच दिलं होतं, म्हणून पुष्कळांच्या नजरेतून ते निसटलं असेल. परवा कट्ट्यावर एकाने विचारलं, "आपल्या माळावरचं वारं अॅमेझॉन वापरतंय म्हणं, खरंय का?" खरं आहे, पण ते नेमकं कसं, आणि त्यात आपल्या वाट्याला काय, हे नीट बघायला पाहिजे.

आधी मोठ्या बातम्या. जानेवारी २०२५ मध्ये दावोसला अॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस कंपनीने महाराष्ट्रात सुमारे ८.३ अब्ज डॉलर गुंतवणार असं सांगितलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलने विशाखापट्टणमला पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर घालायचं जाहीर केलं, सोबतीला अदानीकॉनेक्स आणि एअरटेल. ही अदानीकॉनेक्स म्हणजे अदानी समूह आणि अमेरिकेची एजकॉनेक्स यांची २०२१ ची निम्मी-निम्मी भागीदारी. जिओ, ब्रुकफिल्ड आणि डिजिटल रिअल्टी या तिघांनीही अशीच मोट बांधली आहे. या जोड्या का जमतात? एकाकडे गिऱ्हाईक आणि तंत्र असतं, दुसऱ्याकडे जमीन, वीज आणि सरकारदरबारी वावर. यातली वीज ही सगळ्यात अवघड गोष्ट, कारण डेटा सेंटरला ती २४ तास, ३६५ दिवस लागते. आपल्यासारखं आठ तासांच्या पाळीवर भागत नाही.

आता "ऊर्जाबचत करणारं डेटा सेंटर" म्हणजे काय, ते समजून घेऊ. सर्व्हर तापतात, ते थंड ठेवायला वेगळी वीज जाते. सगळ्या इमारतीची वीज भागिले फक्त सर्व्हरची वीज, हा आकडा या धंद्यात बघतात. त्याला पीयूई म्हणतात. आकडा १ च्या जितका जवळ, तितकं चांगलं. जगातली सरासरी बरीच वर्षं दीडच्या थोडी वर अडकली आहे, गूगलसारख्या कंपन्या १.१ च्या आसपास असल्याचं सांगतात. आपल्याकडच्या उन्हात आणि मुंबईच्या दमटपणात तिथवर जाणं सोपं नाही.

हा आकडा शहरातल्या इंजिनिअरचा वाटतो, पण त्याचा एकरांत हिशोब करून बघा. समजा १०० मेगावॉट सर्व्हरचं सेंटर आहे. पीयूई १.६ असेल तर वीज लागणार १६० मेगावॉट. १.३ वर आणला तर १३०. वाचले ३० मेगावॉट, तेही रात्रंदिवस. सोलर प्लँट दिवसाच चालतो, त्यामुळं १ मेगावॉट अखंड विजेला साधारण ४ ते ५ मेगावॉटचे पॅनल लावावे लागतात आणि एका मेगावॉटला ४ ते ५ एकर जमीन जाते. म्हणजे तिकडं ऐरोलीत कूलिंग सुधारलं की इकडं कुठंतरी अंदाजे ५०० ते ७५० एकर रान पॅनलखाली जायचं वाचतं. याच हिशोबानं उरलेले १३० मेगावॉट सगळे सोलरवर भागवायचे म्हटले तर २,००० ते ३,००० एकर जमीन लागेल. तेव्हा इमारत कितीही काटकसरीची असो, विजेचा मोठा भाग गावाकडूनच येणार. शिवाय एका सेंटरने वाचवलेली वीज गावाला परत मिळत नाही, तेवढ्यात शेजारी दुसरं सेंटर उभं राहतं.

ही वीज तारेनं थेट आपल्या माळावरून ऐरोलीला जात नाही, हेही सांगायला हवं. इथली पवनचक्की वीज ग्रिडमध्ये सोडते, तिकडं सेंटर ग्रिडमधून वीज घेतं आणि वर्षाच्या शेवटी कागदावर मेळ बसवतात. अॅमेझॉनने २०२३ साली आपली सगळी वीज हरित विजेच्या बरोबरीची झाली असं जाहीर केलं, ते अशाच वार्षिक मेळावर. आपल्या डोंगरावर वारं जोरात वाहतं ते जून ते सप्टेंबर. जानेवारीतल्या एखाद्या शांत रात्री पवनचक्क्या थांबलेल्या असतात आणि सर्व्हर चालूच असतात. त्या वेळची वीज येते परळी, चंद्रपूर, कोराडी अशा कोळशाच्या केंद्रांतून. परळीची राख कुठं उडते, हे शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या लोकांना विचारा. याला कोणी फसवणूक म्हणू नये, नियमात बसणारा हिशोब आहे. गूगलने तर तासातासाचा मेळ बसवायचं उद्दिष्ट २०३० साठी ठेवलं आहे, ते जमलं तर चित्र खरंच बदलेल.

भागीदारीचा दुसरा प्रकार आपल्या खिशाच्या अधिक जवळचा आहे. वीज वापरणाऱ्या कंपन्यांनी वीज प्रकल्पात मिळून किमान २६ टक्के मालकी घेतली आणि वर्षाला किमान ५१ टक्के वीज स्वतः वापरली, तर तो प्रकल्प "कॅप्टिव्ह", म्हणजे स्वतःच्या वापराचा धरला जातो. मग त्यांना क्रॉस सबसिडीचा अधिभार लागत नाही. अतिरिक्त अधिभारही लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये महावितरणच्याच प्रकरणात सांगितलं. कंपन्यांच्या दृष्टीनं सौदा उत्तम. पण क्रॉस सबसिडी म्हणजे काय? मोठा ग्राहक जास्त दर देतो आणि त्यातून शेतीपंपाचा दर खाली राहतो. सगळ्यात मोठे, वेळेवर बिल भरणारे ग्राहक या वर्तुळाबाहेर गेले, तर शेतीपंपाचा भार सरकारी तिजोरीवर येतो. आज साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना बिल नाही, म्हणून ते जाणवत नाही. ती योजना मार्च २०२९ पर्यंतची आहे. पुढचं कोणी बोलत नाही.

बरं, मग डेटा सेंटर नकोत का? मला तसं वाटत नाही. पोरं शिकतायत ती कॉम्प्युटरच, आणि कोळशापेक्षा वारं केव्हाही बरं. माळरानाच्या खडकाळ जमिनीला वर्षाचं ठरलेलं भाडं मिळत असेल तर दुष्काळी घराला तो आधारच आहे. मात्र नोकऱ्यांचे आकडे जपून वाचावेत. एडब्ल्यूएसच्या त्या घोषणेत ८१ हजारांहून जास्त नोकऱ्यांचा उल्लेख होता, तो बांधकाम, देखभाल, पुरवठादार अशा सगळ्या साखळीतल्या नोकऱ्यांचा. इमारत चालू झाल्यावर आत लागतात ती मोजकीच माणसं. पवनचक्की उभी राहताना क्रेन, खडी, ट्रेलर, चहाची टपरी, सगळं जोरात असतं. नंतर उरतो गेटवरचा एक वॉचमन.

त्या जोरातल्या दिवसांतच भांडणंही उभी राहतात. रस्ता कोणाच्या बांधावरून, खडीचा ठेका कोणाला, वॉचमनची नोकरी कोणाच्या पोराला. केज तालुक्यातल्या मस्साजोगचं प्रकरण विसरण्याजोगं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरपंचांचा खून झाला, आणि तपास यंत्रणेने आरोपपत्रात त्याचा संबंध पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीशी जोडला. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण मुंबईतल्या सेंटरच्या हरित विजेचा अहवाल कितीही गुळगुळीत कागदावर छापला, तरी त्यात गावातल्या या दबावाचा रकाना नसतो. पीयूईचं मोजमाप इमारतीच्या भिंतीशी संपतं.

ज्यांच्या दारात सध्या कंपनीची माणसं येतायत, त्यांच्यासाठी तुलनेला एक आकडा देतो. सरकारच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे, म्हणजे एकरी ५० हजारांच्या आसपास, आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. त्या योजनेतली वीज आपल्याच फीडरवर दिवसा शेतीला मिळते. कॉर्पोरेट विजेसाठी येणारा एजंट याहून कमी भाडं सांगत असेल, किंवा वाढीचं कलमच नसेल, तर घाई करू नका. २५-३० वर्षांच्या करारात सपाट भाडं म्हणजे शेवटच्या दहा वर्षांत चहापाण्याचे पैसे. पॅनल धुवायला पाणी कुठून आणणार, हेही विचारा. उन्हाळ्यात शेजारची विहीर आटल्यावर विचारून उपयोग नाही.

टॉवर लाइन जाणार असेल तर जमीन तुमच्याच नावावर राहते, पण तारेखाली झाड लावता येत नाही, घर बांधता येत नाही. केंद्राने जून २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात टॉवरच्या पायाखालच्या जमिनीला तिच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला ३० टक्के मोबदला सांगितला आहे. राज्याच्या लाइनला राज्याचा जीआर चालतो, म्हणून तुमच्या लाइनला कोणता लागू आहे, ते तहसीलला लेखी विचारा. तोंडी उत्तर घेऊन येऊ नका. "साहेबांनी सांगितलंय" याला कागदावर किंमत नसते.

आणि कराराचा मसुदा मराठीत मागा. परवाच्या कट्ट्यावरच्या त्याच माणसानं नंतर पिशवीतून आपला करार काढून दाखवला, भुईमुगाच्या शेंगा आणि पासबुकाच्या मधे घडी घातलेला. पहिली दोन पानं मराठीत, उरलेली सगळी इंग्रजीत. वीज कोणाला विकली जाणार, याबद्दल त्यात काही नव्हतं. कंपनीला हा करार दुसऱ्या कंपनीकडे वर्ग करता येईल आणि त्यासाठी जमीनमालकाच्या संमतीची गरज नाही, हे मात्र स्वच्छ लिहिलं होतं. या धंद्यात प्रकल्पांची खरेदी-विक्री सर्रास चालते. आज सही घेणारा उद्या असेलच असं नाही.

पवनचक्कीचं आयुष्य २०-२५ वर्षांचं. त्यानंतर पाती आणि खांब उतरवतील, भंगाराला भाव असतो. पण खाली शेकडो टन सिमेंट-काँक्रीटचा पाया असतो, तो काढून जमीन पूर्ववत कोण करणार, आणि त्या खर्चाची हमी आजच कुठं ठेवली आहे? करारात हे कलम शोधा. सापडलं नाही तर रजिस्ट्री ऑफिसला जायच्या आधी ते घालून घ्या.