अब्बांची कॅसेट

गेले तीन रविवार आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा नाही. तिथं एक उघडा टेपरेकॉर्डर, स्क्रू ड्रायव्हर, कापूस आणि स्पिरिटची बाटली मांडून ठेवली आहे. रात्री दोनपर्यंत मोबाइलवर गेम खेळणारा माझा मुलगा परवा म्हणाला, ‘‘अब्बा, तुमचं व्यसन माझ्यापेक्षा वाईट आहे.’’ मी गप्प बसलो. त्याला अजून गोष्ट माहीत नव्हती.

अब्बा दुबईला होते. फोन महाग, पत्राला पंधरवडा लागायचा आणि अम्मीला लिहिता-वाचता बेताचंच यायचं. म्हणून अब्बा कॅसेटवर बोलायचे. गावचा कुणी सुट्टीवर निघाला की त्याच्या बॅगेत सुपारी कापायचा अडकित्ता नाहीतर साबणाच्या वड्या आणि त्यांच्यामध्ये ती कॅसेट. कोकणातल्या पुष्कळ घरांत अशा कॅसेटी आल्या असतील. अम्मी दार लावून ऐकायची. आम्हा मुलांना फक्त शेवटचा सलाम ऐकायला बोलवायची.

२२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा चौदापैकी नऊ कॅसेटी गाळात गेल्या. माळ्यावरच्या पाच वाचल्या. अब्बा मरहूम होऊन आता बारा वर्षं झाली. अम्मीला कमी ऐकू येतं, ते दिवसेंदिवस आणखी कमी होतंय. म्हणून ही घाई.

जुनी कॅसेट सापडली की लगेच मशीनमध्ये घालू नका, एवढं मात्र सांगतो. आधी खिडकीतून पट्टीकडे पाहा. कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती मशीनभर पसरते. आतला बारीक फेल्टचा तुकडा पडला असेल तर आवाज बसका येतो. अशा वेळी स्क्रूची दुसरी रिकामी कॅसेट घेऊन रीळ तिच्यात बदलायचं. आमच्या टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा तर वितळून डांबर झाला होता, तो खरवडण्यात पहिला रविवार गेला. पुढचं सोपं आहे. हेडफोनच्या भोकातून वायर संगणकाला जोडायची आणि ‘ऑडॅसिटी’ हा फुकट मिळणारा प्रोग्राम लावायचा. फाइल आधी ‘वेव्ह’ स्वरूपात ठेवावी. एका आवाजी वाहिनीला तासाला तीनशे एमबी जागा खाते, पण खाऊ द्या. खरखर काढण्याचा मोह मी केला तेव्हा अब्बा विहिरीत बसून बोलताहेत असं वाटलं. मग खरखर तशीच राहू दिली.

पहिल्या कॅसेटवर आवाज आला. पगार, खोलीतले सहा जण, मच्छी महाग झाल्याची कुरकुर, धाकटीच्या खोकल्याची चौकशी. मग ते थांबले, घसा साफ केला आणि म्हणाले, ‘‘आता एक गोष्ट सांगतो, ती नीट ऐक...’’

आणि ‘खट्’ असा आवाज होऊन अमीन सायानी!

ते काम माझं. बारा-तेरा वर्षांचा असेन. रेडिओ सिलोनची गीतमाला टेप करायला कोरी कॅसेट नव्हती. पुन्हा रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून कॅसेटच्या वरचा प्लास्टिकचा तुकडा मोडून टाकतात. अब्बांनी तो मोडलेला होता. मी त्या भोकावर चिकटपट्टी लावली. ती चिकटपट्टी अजून तिथंच आहे, पिवळी पडलेली. एकदा पुसलेलं परत आणणारा प्रोग्राम कुठं मिळत नाही, मी शोधून पाहिलं.

संध्याकाळी अम्मीला हेडफोन लावला. मशेरीची डबी हातात तशीच धरून तिनं पूर्ण ऐकलं. गाणं सुरू झालं तेव्हा हसली. मी कबुली दिली.

‘‘मला तेव्हाच कळलं होतं,’’ ती म्हणाली.

‘‘मग मारलं का नाहीस?’’

‘‘मी त्याआधी वीसदा तरी ऐकली होती.’’

‘‘अब्बा पुढं काय म्हणाले होते?’’

तिनं हेडफोन काढून माझ्या हातात दिला. ‘‘ते मला सांगितलं होतं. तुला कशाला? दुसरी लाव.’’

दुसरीला बुरशी आहे. मुलगा म्हणतोय, या रविवारी स्क्रू तो काढणार.