वाचवलेले दोनशे रुपये

पाऊस सुरू झाला की प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज पडतोच, ‘आंबोली?’ मग कुणी ‘कधी बे?’ विचारतं, कुणी ‘घरी काय सांगायचं?’ विचारतं आणि रात्रीपर्यंत तारीख ठरलेली असते. सोलापूरवर ढग नुसते येऊन जातात. त्यामुळे पाऊस बघायचा तर आपल्याला पावसाच्या गावाला जावं लागतं, त्याला कुणाची हरकत नाही. पेट्रोलचे किती, रेनकोट कुणाकडे आहे, शेंगा चटणी कुणाच्या घरची, सगळ्यावर चर्चा होते. टायरचा विषय मात्र निघत नाही. निघालाच तर एका वाक्यात मिटतो, ‘चालतंय की, आल्यावर बदलू.’

मागच्या पावसाळ्यात हे वाक्य मी म्हटलं होतं. दोन गाड्या, चौघं जण. सांगोला, मिरज, कोल्हापूर असं करत आजऱ्यापर्यंत मजेत पोचलो. तिथून आंबोलीकडे जाताना पाऊस लागला. एका वळणावर पुढची जीप अचानक थांबली, मी ब्रेक दाबला आणि मागचं चाक साबणावरून घसरल्यासारखं बाजूला गेलं. स्पीड चाळीससुद्धा नव्हता. मला नुसतं खरचटलं, मागे बसलेल्या मित्राचं उजवं मनगट मोडलं. गाडी माझी, टायर माझा, ‘आल्यावर बदलू’ म्हणणारा मी आणि सहा आठवडे प्लास्टर त्याच्या हाताला. त्याची आई मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

नंतर मी एक हिशेब केला, तो तुमच्यासमोर ठेवतो. शंभर-दीडशे सीसीच्या गाडीचा मागचा टायर साधारण दोन हजारांचा धरा. तो वीस हजार किलोमीटर चालला, तर किलोमीटरला दहा पैसे पडतात. माझ्या टायरमध्ये फार तर दोन हजार किलोमीटर शिल्लक असतील. म्हणजे तो ट्रिपच्या आधीच काढून टाकला असता तर माझं नुकसान दोनशे रुपयांचं होतं. नवा टायर तर महिन्या-दोन महिन्यांत घ्यायचाच होता, तो खर्च काही वाचणार नव्हता. वाचवलेले दोनशे रुपये आम्ही जाताना चहा-वडापावात घालवले.

‘टायर अजून चालतोय’ हे खरंच असतं, फक्त ते सोलापुरापुरतं खरं असतं. आपल्याकडे रस्ता सरळ आणि कोरडा. कॉलेज, सात रस्ता, होटगी रोड, फार तर सुट्टीच्या दिवशी पंढरपूर. गाडी सगळा वेळ उभी चालते, म्हणून टायर मधोमध झिजतो आणि कडेची नक्षी तशीच राहते. बाजूने बघितलं की वाटतं, अजून नवाच आहे! मागे जाऊन उकिडवं बसून बघा. गोलाई जाऊन टायर मधे सपाट झालेला दिसेल. असा टायर वळणावर गाडी झुकवायला त्रास देतो, आणि ब्रेक दाबतो तेव्हा बहुतेकदा हाच मधला गुळगुळीत पट्टा रस्त्यावर टेकलेला असतो. टायरवरच्या खाचा दिसायला छान म्हणून केलेल्या नसतात. चाकाखालचं पाणी त्यांतून बाहेर फेकलं जातं. खाचा उथळ झाल्या की पाण्याचा पातळ थर रबर आणि डांबराच्या मधे राहतो. कोरड्यात हे कळतच नाही, उलट गुळगुळीत टायरसुद्धा छान पकडतो. म्हणून तर आपण फसतो. त्यात पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि तेल वर आलेलं असतं, ते वेगळंच.

किती झिजला म्हणजे बदलायचा, हे टायरवरच लिहिलेलं असतं. टायरच्या बाजूला टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण शोधा. त्याच्या सरळ रेषेत वर खाचेत बघितलं की रबराचा एक लहान उंचवटा दिसतो. टायर झिजून त्या उंचवट्याला टेकला की संपला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत टायरच्या अवस्थेसाठी 94 क्रमांकाचा स्वतंत्र नियम आहे, त्यामुळे हा नुसता हौशी बायकर्सचा नखरा नाही. पण उंचवट्याला टेकेपर्यंत थांबायचं, ही रोजच्या वापराची मर्यादा झाली. पावसात घाटात जायचं असेल, मागे कुणी बसणार असेल, बॅगा बांधायच्या असतील, तर उंचवटा जवळ आलेला दिसला तरी टायर बदलावा असं माझं मत आहे. सोलापूर-आंबोली जाऊन-येऊन सातशेच्या पुढे जातं. तेवढ्यात टायर फार झिजत नाही, त्यामुळे ‘परत येईपर्यंत टिकेल का?’ असं विचारलं तर उत्तर ‘हो’च येतं. आज शिल्लक आहे तेवढ्यावर पाणी कापलं जाईल का, हे विचारा. लडाखचं गणित वेगळं. इथून जाऊन-येऊन पाच हजार किलोमीटरच्या पुढे जातं, तिथे टायर खरोखर वाटेतच संपू शकतो. त्या ट्रिपला अर्धा झिजलेला टायर घेऊन निघूच नका.

दुसरा घोटाळा वडिलांच्या गाडीचा. गाडी वर्षानुवर्षं दिवसाला पाच किलोमीटर चाललेली असते. नक्षी शाबूत असते, म्हणून आपण खूश. पण रबर म्हातारं होतं आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या चाळीस अंशांवरच्या उन्हात उभ्या गाडीचं तर लवकरच. टायरवर चार आकडे असतात, त्यांत पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षं उलटून गेली असतील तर जाणकाराला दाखवा. बाजूला किंवा खाचांच्या तळाशी बारीक चिरा दिसत असतील, तर नक्षी कितीही असो, लांबच्या वाटेला तो टायर नको. नवा घेतानाही हे चार आकडे दुकानातच वाचा. दुकानदार हसला तर हसू दे. जुन्या टायरला परत खाचा पाडून विकतात, त्या स्वस्त मालाकडे बघूही नका. ‘दिसायला भारी’ म्हणून कंपनीने सांगितलेल्या मापापेक्षा रुंद टायर बसवणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

आता कधी बदलायचा? आदल्या रात्री नक्कीच नाही. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक न मारता, फार न झुकवता गाडी चालवावी लागते, तेव्हा कुठे तो पकड धरतो. कोरा टायर घेऊन थेट ओल्या घाटात जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. म्हणून निदान दोन आठवडे आधी बदला. तुळजापूरला जाऊन आलात की नव्वद किलोमीटर होतात आणि वाटेत छोटासा घाटही मिळतो. अक्कलकोटला जाऊन आलात की आणखी ऐंशी. देवदर्शन होतं, टायरही तयार होतो आणि घरी काय सांगायचं हाही प्रश्न उरत नाही. निघायच्या दिवशी सकाळी, टायर गार असताना हवा भरा. दोघं बसणार असाल तर मागच्या चाकात कंपनीने दोघांसाठी सांगितलेली हवा. तो आकडा बहुतेक गाड्यांवर स्टिकरवर लिहिलेला असतो. वाटेत टायर तापून हवा वाढलेली दिसली तर ती काढू नका. कमी हवेचा टायर जास्त तापतो.

हे सगळं मी चालवणाऱ्यांसाठी लिहितोय, पण आज मला जास्त बोलायचंय ते मागे बसणाऱ्यांशी. ट्रिपचे पैसे तुम्ही निम्मे देता, मग टायर बघायचा हक्कही निम्मा आहे. मित्राच्या गाडीमागे वाकून बघणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं नाही. माझ्या मित्राने बघितलं असतं, तर मी कदाचित चिडलो असतो. कदाचित आम्ही गाडीच बदलली असती किंवा त्या दिवशी एसटीने गेलो असतो. टायरला पैसे कमी पडत असतील तर ट्रिपच्या वर्गणीतूनच काढा. गाडी एकाची असली तरी त्या टायरवर दोघं बसणार आहेत. आणि ते जमत नसेल तर ‘मी येत नाही’ म्हणा. ग्रुपमध्ये दोन दिवस चेष्टा होईल, होऊ दे.

यंदाची तारीख ठरलीय. माझा मागचा टायर बदलून दहा दिवस झाले, तुळजापूर झालंय, अक्कलकोट रविवारी. त्या मित्राला विचारलंय, पण त्याने अजून ‘येतो’ म्हटलेलं नाही. पुढच्या टायरचाही फोटो पाठव म्हणालाय.