आमची पोरे पडद्यावर पोरे का नसतात?

हिंदी सिनेमात मुसलमान पोरगा पडद्यावर येण्याआधी अजान येते. आधी नुसता आवाज, मग मिनार, मिनारावरून उडालेली कबुतरे, मग कॅमेरा सावकाश खाली उतरतो. अरुंद गल्ली, हिरवी भिंत, दारात बांधलेली बकरी, खाटकाच्या दुकानात टांगलेले धड. एवढी वरात पुढे निघून गेली की मग पोरगा दिसतो. तोवर प्रेक्षकाचे त्याच्याबद्दलचे मत तयार झालेले असते. पोरगा पंधरा वर्षांचा आहे, ओठावर नुकती लव फुटली आहे, भूमितीचा पेपर त्याला अवघड गेला आहे, हे सांगायला दिग्दर्शकाकडे वेळ नसतो. गरजही वाटत नसते.

याच पडद्यावर दुसऱ्या घरातला पंधरा वर्षांचा मुलगा कसा येतो ते आठवून पाहा. गजर वाजतो, आई स्वयंपाकघरातून हाका मारते, अर्धवट झोपेत तो उलटा शर्ट घालतो, बस चुकते. त्याचा धर्म कोणता हे विचारण्याची वेळच येत नाही, कारण त्याचे वय आपल्याला आधी कळते. आमचे भांडण या आधी-नंतरच्या क्रमाशी आहे. कथा काय आहे, शेवटी पोरगा सुधारतो की बिघडतो, हा पुढचा प्रश्न. आमच्या पोराचा मजहब आधी आणि वय मागाहून, किंवा कधीच नाही, हे ठरते ते कॅमेरा, आवाज, रंग आणि कात्री यांच्या कामात. संवादांवर आक्षेप घेता येतो, सेन्सॉरकडे अर्ज करता येतो. पार्श्वसंगीताविरुद्ध अर्ज कुणाकडे करणार?

लेव्ह कुलेशोव या रशियन दिग्दर्शकाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी एक प्रयोग केला. एका नटाचा भावशून्य चेहरा घेतला आणि तोच तुकडा तीन ठिकाणी जोडला: एकदा सुपाच्या वाडग्याशेजारी, एकदा शवपेटीतल्या मुलाशेजारी, एकदा एका बाईशेजारी. बघणाऱ्यांना त्या एकाच चेहऱ्यात भूक दिसली, दुःख दिसले, वासना दिसली. नटाने काहीच केले नव्हते, जोडणाऱ्याने केले होते. आता त्या नटाच्या जागी मोहल्ल्यातला एक दहावीचा मुलगा ठेवा. तो खिडकीतून बाहेर बघतो आहे. पुढचा तुकडा क्रिकेटच्या मैदानाचा लावला तर त्याला खेळायला जायचे आहे. पुढचा तुकडा रेल्वे स्टेशनवरच्या गर्दीचा लावला आणि खाली ढोल घुमवला, तर? चेहरा तोच आहे, वाचकहो. आमच्या पोरांचा चेहरा गेली तीस वर्षे या दुसऱ्या तुकड्याला जोडला जातो आहे.

कात्रीची दुसरी करामत याहून क्रूर आहे. ती आमच्या पोरांचे हे वयच कापून टाकते. 2000 सालचा ‘मिशन कश्मीर’ घ्या. घरच्यांचा मृत्यू पाहिलेला लहानगा अल्ताफ आपल्याला दिसतो आणि नंतर दिसतो तो थेट हातात शस्त्र घेतलेला तरुण अल्ताफ. मधली वर्षे, ज्यांत पोरगा आवाज फुटल्यावर लाजतो, आरशासमोर उभा राहतो, कुणाच्या तरी घरावरून विनाकारण सायकल दामटतो, ती गेली कुठे? ती संकलकाच्या टेबलाखाली पडली. हिंदी सिनेमाची ही जुनी युक्ती आहे, हे आम्हांला ठाऊक आहे. ‘दीवार’मधला विजयही एका क्षणात मोठा होतो. पण बाकीच्या पोरांच्या वाट्याला ती युक्ती येते तसा ‘उडान’ही येतो, ‘शाळा’ येतो, ‘टाइमपास’ येतो. आमच्या पोरांच्या वाट्याला बहुतेक वेळा फक्त कट येतो.

‘स्लमडॉग मिलेनियर’ने मधली वर्षे दाखवली, हे खरे. जमाल आणि सलीम लहान आहेत, मग किशोर आहेत, मग मोठे. या सिनेमाला 2009 मध्ये आठ ऑस्कर मिळाली, त्यांतले एक छायालेखनाचे. तिरकी चौकट, पळता कॅमेरा, भडक रंग यांचे जगभर कौतुक झाले. पण किशोर सलीम आपल्याला लक्षात राहतो तो पिस्तूल रोखलेला. पुढे मोठा झालेला हाच सलीम नमाज पढताना दिसतो आणि उठून टोळीच्या कामाला लागतो. सबंध सिनेमात त्याच्या श्रद्धेला मिळालेली जागा फार थोडी, आणि ती बंदुकीला लागून. सिनेमा वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. आम्ही म्हणतो की तिरक्या चौकटीत उभे केलेले पोर सरळ उभे असले तरी तिरकेच दिसते.

आता रंग आणि भाषा. हिरवा रंग आमच्या बोकांडी कुणी बसवला कोण जाणे! आमच्या घरांच्या भिंती गुलाबी आहेत, निळ्या आहेत, निम्म्याहून अधिक बिनरंगाच्या आहेत. पडद्यावर मात्र हिरव्याशिवाय मुसलमान नाही. भाषेचे तर विचारूच नका. मालिकेतले मुसलमान कुटुंब लखनौहून थेट स्टुडिओत उतरलेले असते. चौदा वर्षांची पोरगी वालिदांना ‘आदाब’ करते आणि ‘तशरीफ’ म्हणते. नाहीतर मग टपोरी, ‘अपुन’वाला. रत्नागिरी, मिरज, सोलापूर, लातूर इथली आमची पोरे घरात दखनी किंवा कोकणी ढंगाची बोली बोलतात आणि दारात मराठी. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या मुलांची पुस्तके बालभारतीच छापते, परीक्षा राज्य मंडळच घेते, आणि मराठी विषय सक्तीचा आहे. मराठीत भांडणारा, मराठीत चिडवणारा, मराठीत प्रेमात पडणारा मुसलमान पोरगा मराठी वाहिनीवर शोधून दाखवावा.

मदरशाचेही तेच. सच्चर समितीने 2006 साली लिहून ठेवले की शाळेच्या वयाच्या मुसलमान मुलांपैकी जेमतेम तीन टक्के मदरशात जातात. पडद्यावरचे प्रमाण मोजायचे तर बोटे उलटी मोडावी लागतील. उरलेले सत्त्याण्णव टक्के वर्गात बसलेले, वर्गाबाहेर उभे केलेले किंवा फी नाही म्हणून गॅरेजात लागलेले आहेत. त्यांच्याकडे कॅमेरा वळत नाही, कारण गॅरेजात अजान लावून गूढ वातावरण तयार होत नाही.

मग ‘द केरला स्टोरी’. 2022 मध्ये टीझरने बत्तीस हजार मुलींचा आकडा ठोकून दिला. सिनेमा 2023 च्या मे महिन्यात आला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा या आकड्याला अधिकृत माहितीचा आधार नसल्याची सूचना दाखवण्याचे निर्मात्याला कबूल करावे लागले. आकडा गळाला, पण चित्र राहिले: वसतिगृहातल्या मैत्रिणींना जाळ्यात ओढणारी, डोक्याला कपडा बांधलेली कॉलेजातली पोरगी. 2025 मध्ये या सिनेमाला दिग्दर्शनाचा आणि छायालेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. सूचना वाचायला दोन सेकंद मिळतात. छायालेखन दोन तास चालते. सिनेमा पाहून बाहेर पडलेल्यांच्या वर्गात, बसमध्ये, वसतिगृहात आमच्या मुली दुसऱ्या दिवशी नेहमीसारख्या जाऊन बसतात. त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहिली तर तिची नोंद कोणता आयोग घेणार?

इथे आमच्या सभा-संमेलनांत नेहमीचा ठराव येतो: मुस्लिमांचे सकारात्मक चित्रण व्हावे. आम्हांला हा ठरावही मान्य नाही. सकारात्मक म्हणजे काय, तर तिरंग्यासमोर उभा, देशासाठी खेळणारा, कधी खोटे न बोलणारा गुणी बाळ. 2005 चा ‘इक्बाल’ आम्हांलाही आवडतो. मूकबधिर शेतकऱ्याचा पोरगा वेगवान गोलंदाज होऊ पाहतो आणि त्याच्या मुसलमान असण्याचा कथेत बाऊ नाही, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. तरी मनापासून विचाराल तर आमचा जीव इक्बालपेक्षा त्याच्या बहिणीत, खदिजात अडकला आहे. ती चुरूचुरू बोलते, मोठ्यांना टोमणे मारते, भावासाठी कुणाशीही पंगा घेते. तिला भारतीय संघात निवडले जायचे नाही. देशाला काही सिद्ध करून दाखवायचे नाही. ती फक्त त्या वयाची आहे. गुणी बाळ म्हणजे मुलाच्या कपड्यांतला प्रौढच, अतिरेक्यासारखा. दोघांच्याही पाठीवर कौमेचे ओझे आहे.

‘सीक्रेट सुपरस्टार’ (2017) मध्येही हेच दोन सिनेमे एकात एक मिसळले आहेत. एकात मारकुटा बाप, सोसणारी आई आणि बुरख्याआडून इंटरनेटवर गाणारी इन्सिया. शेवटी सर्वांसमोर बुरखा उतरतो आणि टाळ्या वाजतात. त्या टाळ्या गाण्याला किती आणि बुरखा उतरल्याला किती, हे ज्याने त्याने ठरवावे. पण दुसऱ्या सिनेमात हीच इन्सिया चिंतनवर उगाच खेकसते, रुसते आणि एके दिवशी आपला पासवर्ड सांगण्याच्या निमित्ताने त्याचेच नाव एकेक अक्षर करत उच्चारते. तिथे ना अजान आहे, ना हिरवा रंग. कॅमेरा दोन पोरांच्या चेहऱ्यांवर थांबतो आणि गप्प राहतो. हे जमू शकते, फक्त जमवायची इच्छा हवी.

मराठीने तर ते करून दाखवले आहे. ‘सैराट’ (2016) मधला सल्या आठवा. सलीम शेख. परश्याचा मित्र, करमाळ्याकडची तीच रांगडी बोली, तीच विहीर, तोच मार. नागराज मंजुळे यांनी त्याच्या डोक्यावर टोपी चढवली नाही की त्याच्यासाठी वेगळे संगीत वाजवले नाही. अर्ध्या सिनेमानंतर कुणाला तरी आठवते की अरे, हा मुसलमान आहे. तोवर तो प्रेक्षकाचा दोस्त झालेला असतो. जात, धर्म, रक्तपात यांबद्दल इतके कठोर बोलणाऱ्या सिनेमाला हे साधले. आणि नाजूक कौटुंबिक मालिकांना साधत नाही!

परदेशातले एक उदाहरण इथे देतो, कारण ते तंत्राचेच आहे. ‘अ‍ॅडोलसन्स’ ही इंग्लंडमधली चार भागांची मालिका 2025 मध्ये आली. प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये घेतलेला, मध्ये कात्री नाही. पहाटे हत्यारबंद पोलीस दार फोडून घरात घुसतात, खुनाच्या संशयावरून तेरा वर्षांच्या जेमीला उठवतात. त्याच्या खोलीच्या भिंतीवर ग्रहताऱ्यांचा कागद आहे. भीतीने त्याची पँट ओली होते. गुन्हा पुढे उघड होतो, मालिका त्याला माफ करत नाही, पण चार भाग ती एकच प्रश्न विचारत राहते: हे पोर इथवर आले कसे? आमच्याकडे पोलीस असेच दार फोडून मोहल्ल्यात घुसतात तेव्हा पोरगा गच्चीवरून पळतो, कॅमेरा बंदुकीच्या नळीमागून त्याच्याकडे बघतो, आणि ‘कसे’ हा प्रश्न कुणी विचारत नाही. त्याचे उत्तर पहिल्याच दृश्यात अजानीने देऊन टाकलेले असते. आमच्या पोराची पँट ओली झालेली आम्ही पडद्यावर कधी पाहिलेली नाही.

आमच्यातल्या काहींना हे सगळे वायफळ वाटेल. टीव्ही, सिनेमा हरामच, मग त्यातल्या चित्रणाची चर्चा कशाला? उत्तर सोपे आहे. घरातला टीव्ही तुम्ही बंद केलात, पोराच्या खिशातला मोबाईल नाही. स्नेहसंमेलनात आमच्या नववीच्या मुलांनी स्वतः नाटिका बसवली. विषयही त्यांचाच, व्यसनमुक्ती. गुटखा विकणाऱ्या खलनायकाला त्यांनी पठाणी कुर्ता घातला, डोळ्यांत सुरमा भरला, नाव ठेवले लतीफ. त्याला समजावणाऱ्या शहाण्या मुलाचे नाव राहुल. वर्गात राहुल नावाचे एकही मूल नाही. लतीफ दोन आहेत, आणि दोघेही टाळ्या वाजवत होते. असे बसवा म्हणून त्यांना कुणी सांगितले नव्हते. फतव्याने हे थांबणार नाही.

मालेगावच्या यंत्रमागवाल्या पोरांकडे कॅमेरा आला तेव्हा त्यांनी मुसलमानांच्या समस्यांवर सिनेमा काढला नाही. नासिर शेख यांनी 2000 मध्ये ‘मालेगाव के शोले’ काढला, पुढे मालेगावचा सुपरमॅन उडवला. फाटक्या साधनांत मनसोक्त हुंदडले. आम्हांला त्यात फार मोठी गोष्ट दिसते.

आणि शेवटी एक सवाल आमच्या लेखकांना, कारण हा अंक त्यांचा आहे. ‘शाळा’ सिनेमा आला, कारण मिलिंद बोकीलांनी 2004 मध्ये नववीतल्या मुलांवर कादंबरी लिहून ठेवली होती. मुस्लिम मराठी साहित्याने तलाक लिहिला, दंगल लिहिली, बाईचे सोसणे लिहिले, गरिबी लिहिली. ते लिहायलाच हवे होते. पण उर्दू शाळेतला नववीचा मुलगा, दखनीत शिव्या देणारा, मराठीच्या तासाला झोपणारा, समोरच्या कन्याशाळेच्या फाटकाशी सायकलची साखळी मुद्दाम पाडणारा, तो कोणत्या कथेत आहे? दिग्दर्शकाला दोष देताना त्याच्या हातात ठेवायला आपल्याकडे कोणते पुस्तक आहे?

कुणी लिहायला घेत असेल तर त्यांनी खुशाल आमच्या वर्गात येऊन बसावे. शाळा दुपारची आहे, साडेबाराला भरते. मागचा बाक रिकामा नसतो, पण पोरे सरकून जागा करतील.