गाडी घेऊ का, काका?



रविवारची मिस्सा आटोपून बाहेर आलो की चर्चच्या आवारात मोटारसायकलींची रांग दिसते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तेथे सायकली असत आणि बरीच मंडळी पायी येत. काळ बदलला, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु गेल्या महिन्यात माझ्या पुतण्याने याच आवारात मला विचारले, "काका, कामाला जायला गाडी घेऊ का? परवडेल का?" हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. खानापूर तालुक्यातील आपल्या अनेक घरांत तो विचारला जात आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पुतण्याला बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत काम लागले आहे. गावापासून कारखाना २२ किलोमीटर. घरी दीड एकर भात, थोडा ऊस आणि दोन म्हशी. मी स्वतः अशाच कारखान्यात चोवीस वर्षे काढली, त्यातील दहा बसने आणि चौदा मोटारसायकलने. म्हणून त्याला लगेच हो किंवा नाही म्हटले नाही. कागद-पेन्सिल घेऊन आम्ही दोघे ओसरीवर बसलो.

हिशोब पेट्रोलवर संपत नाही

आपली एक सवय आहे. "महिन्याला पेट्रोल किती लागते?" एवढे विचारायचे आणि बसच्या तिकिटाशी तुलना करून मोकळे व्हायचे. हा हिशोब अर्धा आहे. पूर्ण हिशोब असा:

वर्षाला कामाचे दिवस ३०० धरू. रोज जाऊन-येऊन ४४ किलोमीटर, म्हणजे वर्षाला १३,२०० किलोमीटर. शंभर सीसीची गाडी लिटरला ६० किलोमीटर देते असे धरले तर २२० लिटर पेट्रोल. लिटरला शंभर रुपये धरून २२,००० रुपये झाले. येथपर्यंत सर्वांना समजते. आता पुढे पाहा.

ऑइल बदलणे, सर्व्हिसिंग, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू यांना वर्षाला ५,००० रुपये. टायरांसाठी २,०००. विम्यासाठी सरासरी २,०००. हेल्मेट, रेनकोट आणि किरकोळ ८००. गाडी रस्त्यावर येईपर्यंत ८५,००० रुपये पडली आणि सात वर्षांनी २५,००० ला विकली, तर ६०,००० रुपये झिजले. वर्षाला सुमारे ८,५००. किमतीपैकी ६०,००० रुपये तीन वर्षांच्या कर्जाने घेतले, तर बारा टक्क्यांनी व्याज १२,००० च्या आसपास जाते. सात वर्षांत वाटले तर वर्षाला १,७००.

बेरीज ४२,००० रुपये. म्हणजे दिवसाला १४० रुपये आणि किलोमीटरला सव्वातीन रुपयांच्या आसपास. पेट्रोल त्यात निम्म्याहून थोडेच अधिक आहे. बाकीचा खर्च रोज दिसत नाही, पण उंदीर पोते कुरतडतो तसा तो चालूच असतो.

हे आकडे आमच्या घरचे आहेत. तुमचे अंतर वेगळे, गाडी वेगळी. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्याचाही किमतीवर परिणाम झाला आहे. म्हणून आमचे आकडे उतरवून घेऊ नका, रीत तेवढी घ्या.

दोन तासांची किंमत

आता बस. मासिक पास १,३०० रुपयांचा धरला तर वर्षाला १५,६०० रुपये. गाडीचे ४२,००० वजा हे १५,६००, उरले २६,४००. बसऐवजी गाडी घेतली म्हणून वर्षाला एवढे जास्त मोजायचे.

मग त्या बदल्यात मिळते काय? वेळ. घरापासून रस्त्यापर्यंत वीस मिनिटे चाल, वीस मिनिटे बसची वाट, पन्नास मिनिटे प्रवास, उतरल्यावर पुन्हा पंधरा मिनिटे चाल. एका बाजूला पावणेदोन तास. गाडीने पाऊण तास. जाता-येता मिळून दोन तास वाचतात. वर्षाला ६०० तास. २६,४०० रुपयांना ६०० तासांनी भागा. एक तास ४४ रुपयांना पडला.

येथे पुतण्या पेन्सिल खाली ठेवून म्हणाला, "म्हणजे मी वेळ विकत घेणार?" होय, बाळा. तू गाडी विकत घेत नाहीस, वेळ विकत घेतोस. आणि ४४ रुपयांना घेतलेल्या तासाचे तू काय करणार, यावरच गाडी परवडते की नाही हे ठरते.

सकाळचा तास म्हशींची धार काढून दूध डेअरीवर वेळेत घालण्यात गेला, संध्याकाळचा तास उसाला पाणी सोडण्यात, गवत कापण्यात किंवा मुलांचा अभ्यास घेण्यात गेला, तर ४४ रुपये स्वस्त आहेत. एवढे काम मजुराकडून करून घ्यायचे तर तासाला याहून अधिक द्यावे लागते, आणि आजकाल मजूर मिळतो कुठे? पण तोच तास नाक्यावरच्या चहाच्या गाड्यावर, मोबाईलमध्ये किंवा त्याहून वाईट ठिकाणी गेला, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

जमीन पडीक पडू नये म्हणून

माझे मत मी स्पष्टच सांगतो. आपल्या भागात मोटारसायकलचा सर्वांत मोठा फायदा पैशांत मोजता येत नाही. कारखान्यात जाणारा तरुण संध्याकाळी गावात परत येतो, हा तो फायदा. ज्यांना बस सोयीची नव्हती आणि गाडी जमली नाही, त्यांतील काहींनी शहरात खोली घेतली. आधी शनिवार-रविवार गावी येत, मग सणाला येऊ लागले. शेत आधी वाट्याने दिले, मग पडीक पडले. बांध फुटले, ते कोणी बांधले नाहीत. खोलीचे भाडे गाडीच्या खर्चाहून जास्तच गेले.

म्हणून शेती आणि नोकरी दोन्ही सांभाळण्यासाठी गाडी घेणाऱ्याला मी घे म्हणेन. मिरवण्यासाठी दीडशे-दोनशे सीसीची गाडी, तीही आईचे दागिने गहाण ठेवून घेणाऱ्याला घेऊ नको म्हणेन. पहिली तीन वर्षे हप्ता दोन हजार आणि पेट्रोल अठराशे मिळून महिन्याला ३,८०० रुपये रोख जातात, हे लक्षात असावे. अंथरूण पाहून पाय पसरावेत.

ज्या रकान्यात आकडा लिहिता येत नाही

कागदावर एक रकाना मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, जिवाच्या धोक्याचा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरील माणसे शेकडा ४४ हून अधिक होती. हेल्मेट न घातल्यामुळे गेलेल्यांची संख्या ५०,०२९ नोंदवली आहे. त्यांत १४ हजारांहून अधिक मागे बसलेले होते. बसमध्ये माणूस उशिरा पोहोचतो, पण बहुधा पोहोचतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. एकदा तिसरी पाळी करून पहाटे परतत होतो. फौंड्रीतील रात्रभराची धग, अंगातील पाणी कमी झालेले आणि वर थंड वारा. डोळा कधी लागला ते कळलेच नाही. जागा झालो तो रस्त्याकडेच्या भातशेतात, चिखलात. चिखल मऊ होता म्हणून खांद्यावर निभावले. चार हात अलीकडे मोरीचा दगडी कठडा होता. त्या दिवसापासून रात्रपाळीनंतर मी कधी गाडी हाकली नाही. कारखान्याच्या विश्रांतीच्या खोलीत तासभर झोपायचे, पाणी प्यायचे आणि मगच निघायचे, किंवा त्या आठवड्यात सरळ बस धरायची. तुम्हीही तसेच करा. झोपेवर मात करता येते असे ज्याला वाटते, तोच आधी पडतो.

आपल्या रस्त्यांचे आणखी काही धोके आहेत. ऊसतोडीच्या हंगामात अंधारात मागे दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली उभी असते. सुगीत रस्त्यावर मळणीसाठी पसरलेल्या पेंढ्यावर चाक घसरते. रस्त्यावर पेंढा घालणारे आपणच असतो, हेही कबूल करू या. पावसाळ्यात खड्डा पाण्याने झाकला जातो. अशा दिवसांत अंधार पडल्यावर चाळीसच्या वर वेग नको.

गाडी घेणाऱ्यांनी एवढे करावे

१. आयएसआय शिक्क्याचे, कान आणि हनुवटी झाकणारे हेल्मेट घ्या आणि पट्टा बांधा. पट्टा न बांधलेले हेल्मेट पडताक्षणी डोक्याच्या आधी उडते. नीट घातलेल्या हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ७० टक्क्यांनी कमी होतो, असे जगभरच्या अभ्यासांतून दिसले आहे.

२. दुसरे हेल्मेट मागे बसणाऱ्यासाठी घ्या. मिस्साला येताना नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि बायकोच्या डोक्यावर नुसता पदर, हे दृश्य बरे नव्हे. चार वर्षांवरील मुलांनाही कायद्याने हेल्मेट लागते.

३. विम्याचा कागद वाचा. सक्तीचा थर्ड पार्टी विमा दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो; तुमचा पाय मोडला तर तो उपयोगी पडत नाही. मालक-चालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, परंतु तो गाडी ज्याच्या नावावर आहे आणि जो ती चालवतो त्याच्यासाठी. म्हणून रोज चालवणाऱ्याच्याच नावावर गाडी करा, आणि लायसन्स काढल्याशिवाय किल्ली हातात घेऊ नका.

४. कंबर दुखणाऱ्यांनी टायरमधील हवा आणि मागचे शॉकअॅब्सॉर्बर तपासावेत. पाठीवर जड पिशवी नको. ती गाडीला बांधावी.

५. रस्त्यात कोणी पडलेला दिसला तर १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. घाबरून पुढे जाऊ नका.

मधला मार्गही आहे

सर्वांनी रोज पूर्ण अंतर गाडीनेच जावे असे नाही. घर ते हमरस्ता सायकलने किंवा जुन्या गाडीने आणि पुढे बसने गेले, तर चालण्याचा वेळ वाचतो आणि धोकाही कमी होतो. रेल्वेची वेळ पाळीशी जुळत असेल तर खानापूर किंवा देसूर स्टेशनपर्यंतच गाडी न्यावी. एकाच पाळीचे दोघे शेजारी एका गाडीने गेले, तर पेट्रोल निम्मे. मात्र मागे बसणाऱ्याला विमा लागू आहे की नाही हे आधी विचारून घ्यावे. आणि आपल्या भगिनींना जून २०२३ पासून कर्नाटकाच्या साध्या सरकारी बसमध्ये तिकीट नाही. त्यांच्यासाठी गाडीच्या तासाची किंमत ४४ वरून ७० रुपयांवर जाते. तेथे बसची वेळ बदलून मागणे, त्यासाठी गावाने मिळून अर्ज करणे, हे गाडीपेक्षा शहाणपणाचे.

पुतण्याने काय ठरवले? तो साधी शंभर सीसीची गाडी घेणार आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात बसने जाणार आहे, आणि गाडी आणण्याच्या आधी त्याने दोन हेल्मेटे आणून खुंटीला लावली आहेत. म्हशी विकायचा विचार त्याने सोडला. मला तेवढे पुरे आहे.

तुमच्या घरात हा प्रश्न असेल तर दुकानात जाण्यापूर्वी एका संध्याकाळी सर्वांनी मिळून कागद घेऊन बसा. खर्च लिहा, तास लिहा, आणि त्या तासांचे काय करणार तेही लिहा. शेवटचे उत्तर प्रामाणिकपणे लिहिता आले, तर बाकीचे आपोआप सुटेल.