जोखीम चालकाची की गरिबीची?

अमेरिकेत मोटारविम्याच्या हप्त्यांनी मेटाकुटीला आलेल्या माणसाला उपदेशांचा तोटा नाही. ‘जोखमीचा चालक’ हा शिक्का ज्याच्यावर बसला, त्याने म्हणे चार कंपन्यांचे दर ताडून पाहावेत, सुरक्षित वाहनचालनाचा वर्ग पुरा करावा, नुकसानीचा पहिला वाटा अधिक प्रमाणात स्वतः सोसावा आणि आपली पत सुधारावी. पहिल्या दोन उपायांनी थोडाफार लाभ होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. तिसऱ्याने मात्र विकत दिलेली जोखीम पुन्हा त्याच्याच गळ्यात बांधली जाते. आणि चौथा उपाय तर साऱ्या प्रकरणाचे इंगितच उघड करतो. कर्जाचे हप्ते वेळेवर फेडणे आणि गाडी नीट चालविणे यांचा संबंध काय?

कंपन्यांच्या हिशेबात तो फार मोठा आहे. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक-मासिकाने २०१५ साली देशभरचे दर तपासले. फ्लॉरिडा राज्यात नोंद स्वच्छ पण पत खालावलेली असा चालक, मद्यपान करून गाडी चालविल्याबद्दल दोषी ठरलेल्या परंतु उत्तम पतीच्या चालकापेक्षा वर्षाला सरासरी १,५५२ डॉलर अधिक भरत असल्याचे आढळले. या दोघांपैकी रस्त्यावर घातक कोण, हे ठरविण्यास अर्थशास्त्राची गरज नाही.

शिक्का बसतो कसा, हेही पाहण्याजोगे आहे. गाडीवाचून कामावर पोहोचता येऊ नये, अशीच तेथील बहुतेक गावांची रचना. विमा जवळजवळ सर्व राज्यांत सक्तीचा. हप्ता चुकला की विमा रद्द, विम्याविना सापडला की दंड, दंड थकला की अनेक राज्यांत परवानाच निलंबित! तो परत मिळविताना ‘एसआर-२२’ नावाचे प्रमाणपत्र विमा कंपनीने राज्याकडे दाखल करावे लागते व ते बहुधा तीन वर्षे टिकवावे लागते. तेवढा काळ दर चढाच. या अवघ्या प्रवासात त्या माणसाने कोणालाही धडक दिलेली नाही. (थकलेल्या दंडापायी परवाना हिरावण्याची प्रथा कॅलिफोर्नियाने २०१७ साली व व्हर्जिनियाने २०२० साली बंद केली.)

कंपन्यांचा बचाव असा की, आकडे खोटे बोलत नाहीत. फेडरल ट्रेड कमिशनच्या २००७ च्या अहवालाने पत व विम्याचे दावे यांत सांख्यिकीय संबंध असल्याचे मान्य केले, हे खरे. परंतु सर्वांत कमी गुणांच्या गटांत कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक नागरिकांचे प्रमाण वाजवीपेक्षा अधिक आहे, हेही त्याच अहवालात नमूद आहे. ते सांगताना कंपन्यांचा आवाज बसतो. शिवाय जी वस्तू घेण्याची शासन सक्ती करते, तिची किंमत ग्राहकाच्या वर्तनावरच ठरली पाहिजे. (आपल्याकडे सक्तीच्या तृतीय पक्ष विम्याचा मूळ दर केंद्र सरकार ठरविते, ते याच कारणाने समर्थनीय आहे.) मद्यपी चालकाने जबर हप्ता भरावा, त्याचा कैवार कोणी घेत नाही.

कॅलिफोर्नियातील मतदारांनी नोव्हेंबर १९८८ मध्ये नेमके हेच केले. ‘प्रपोझिशन १०३’ हा कायदा त्यांनी थेट मतदानाने संमत केला. तो हाणून पाडण्यासाठी विमा उद्योगाने सहा कोटींहून अधिक डॉलर ओतले. तरी सुमारे ५१ टक्के मते बाजूने पडली. हप्ता प्रथम चालकाची नोंद, मग वर्षाचे मैल, मग अनुभवाची वर्षे यांवर ठरावा. चांगल्या चालकास २० टक्के सवलत मिळावी. विमा आयुक्त लोकांनी निवडावा, असे त्याने ठरविले. पतगुणांकाला तेथे थारा नाही. उद्योगाने न्यायालये गाठली. अखेर ग्राहकांना एक अब्जाहून अधिक डॉलर परत द्यावे लागले.

अर्थात कायदा झाला म्हणजे काम झाले, असे नव्हे. राहत्या वस्तीच्या झिप कोडला या तीन निकषांहून कमी वजन देणारे नियम येण्यास २००६ साल उजाडले. आणि २०१७ साली ‘प्रोपब्लिका’ने त्याच मासिकासमवेत केलेल्या तपासात, सारखीच जोखीम असूनही अल्पसंख्याकांच्या काही वस्त्यांतील दर चढे असल्याचे दिसले, तेही कॅलिफोर्नियासह चार राज्यांत. मात्र खासगी मोटारविम्यात सात टक्क्यांहून अधिक वाढ मागणाऱ्या कंपनीस ग्राहकाच्या मागणीवरून जाहीर सुनावणीस उभे करण्याची तरतूद त्या कायद्यात आहे, आणि ग्राहक-संघटना ती आजही वापरीत आहेत.