तबकडीवर नाव कोणाचे?

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी आमच्या वस्तीतील विहाराच्या सभागृहात आम्ही जुन्या रेकॉर्ड ऐकण्याचा कार्यक्रम ठेवला होता. कार्यक्रम कसला! जुन्या बाजारातून घेतलेला एक रेकॉर्ड-प्लेअर, अकरा तबकड्या आणि दहा-बारा माणसे. एका जुन्या गायिकेची ठुमरी लागली. शेवटाकडे तबल्याने लग्गी धरली तेव्हा मागे भिंतीला टेकून बसलेला एक तरुण सरकत सरकत पुढे आला. हा मुलगा भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवतो. रेकॉर्ड संपताच त्याने विचारले, "वकीलसाहेब, काय लग्गी लावलीय! हा वाजवणारा कोण?"

आम्ही तबकडी उलटीसुलटी करून पाहिली. गायिकेचे नाव होते, रागाचे नाव होते, कंपनीचा छाप होता, तबकडीचा क्रमांक होता. तबलजीचे नाव मात्र नव्हते. सारंगीवाल्याचेही नव्हते. त्या मुलाला आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. तो प्रश्न तेव्हापासून आमच्या डोक्यात आहे आणि आजचा लेख त्या प्रश्नासाठीच आहे.

काही वाचक म्हणतील, शास्त्रीय संगीताशी आपला संबंध काय? ते बैठकीतल्या लोकांचे, तक्क्या-लोडांवर रेलून वाहवा म्हणणाऱ्यांचे गाणे! आम्हास हे मान्य नाही. बाबासाहेबांनी कामाच्या प्रचंड रगाड्यात, उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. त्यांनी कोणाची परवानगी मागितली नव्हती. ज्ञानावर जशी कोणा एका वर्गाची मक्तेदारी आम्ही मानत नाही, तशी सुरांवरही मानत नाही. आणि ही मक्तेदारी फोडण्याचे मोठे काम एका साध्या वस्तूने केले, ती वस्तू म्हणजे रेकॉर्ड. मैफलीच्या दारात तुमचे कपडे पाहिले जातात, ओळखपाळख पाहिली जाते, आडनावही पाहिले जाते. तबकडी आडनाव विचारत नाही. सुई टेकवली की ती राजाला जे ऐकवते तेच गिरणी कामगाराला ऐकवते.

पण तबकडी विचारत नसली तरी तिचा मालक विचारतो! आम्ही कायद्याचे शिक्षण घेत असताना जिल्ह्याच्या गावी एक संग्राहक राहत असत. फूटपाथवर घेतलेल्या दोन-चार कॅसेटींवर आमचे कान तयार झाले होते आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या त्यांच्याकडे आहेत असे कळल्यावरून आम्ही त्यांच्या दारी गेलो. त्यांनी आडनाव विचारले. मग म्हणाले, "तुम्हाला यातलं काय कळणार? तुमच्याकडे तो ऑर्केस्ट्रा असतो ना, तो बरा." आम्हास पाणीही न विचारता त्यांनी दार लावून घेतले. पुढे काही वर्षांनी ते वारले. मुले परगावी. घर विकायचे ठरले तेव्हा ते कपाटच्या कपाट रद्दीवाल्याला गेले. आम्हास उशिरा कळले. दुकानात पोहोचलो तर निम्म्या तबकड्या फुटलेल्या आणि बऱ्याचशा विकून टाकलेल्या. अकरा मिळाल्या. विहारात वाजल्या त्या याच अकरा. खाँसाहेबांची मात्र त्यात एकही नव्हती. त्या गृहस्थांविषयी आता राग नाही. पण जे कपाट जिवंतपणी कोणासाठी उघडत नाही ते शेवटी रद्दीवाल्यासाठीच उघडते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आता हा इतिहास थोडा मागे जाऊन पाहू. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग हा ध्वनिमुद्रणतज्ज्ञ कलकत्त्यात आला. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गायचे, आणि तेही तीनेक मिनिटांत संपवायचे. मोठमोठ्या खाँसाहेबांना हा प्रकार पसंत नव्हता. तासभर चालणारा राग तीन मिनिटांत कसा कोंबायचा? आपली विद्या बाजारात गेली, कोणीही ऐकून उचलली तर? घरंदाज म्हणवणाऱ्या स्त्रियांनी तर जाहीर गाणेच निषिद्ध होते. मग पुढे आल्या कोण? ज्यांना प्रतिष्ठित समाज रात्री ऐकत होता आणि दिवसा ओळख दाखवत नव्हता, त्या तवायफ गायिका! गौहर जान, आग्र्याच्या जोहराबाई अशा स्त्रियांनी या नव्या यंत्राचे आव्हान घेतले. तीन मिनिटांत रागाचे रूप कसे उभे करावे, हे त्यांनी गाऊन दाखवले. भारतीय ध्वनिमुद्रणाचा पाया या स्त्रियांनी घातला आहे.

गौहर जानच्या तबकड्यांत एक गोष्ट कानाला थांबवते. गाणे संपता संपता ती इंग्रजीत आपले नाव सांगते. तबकड्या त्या काळी जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या जात. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावे म्हणून ही सोय होती, असे सांगतात. सोय असेल. पण ज्या समाजाने या स्त्रियांचे नाव सभ्य घरात उच्चारायचे नाही असा दंडक घातला होता, त्या समाजाच्या घराघरात तिने आपले नाव आपल्या तोंडाने पोहोचवले. सव्वाशे वर्षे होत आली, ते नाव पुसले गेलेले नाही.

आपल्या महाराष्ट्राचे उदाहरण घ्या. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात आश्रय दिला. जयपूर-अत्रौली घराण्याचा हा मेरुमणी १९४६ साली गेला, पण त्यांची ध्वनिमुद्रिका नाही. त्यांची गायकी आज आपल्या कानापर्यंत येते ती शिष्यांच्या गळ्यातून. त्यात सर्वांत पुढे आहेत केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर. दोघीही गोव्याच्या, देवळांच्या सेवेला पिढ्यानपिढ्या जुंपल्या गेलेल्या कलावंत समाजात जन्मलेल्या. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर याने अंतराळात सोडली. त्यांच्यासोबत पृथ्वीवरचे आवाज असलेली सोनेरी तबकडी पाठवली. तीत भारताच्या वाट्याला एकच गाणे आले, ते केसरबाईंची भैरवी. ज्या समाजाला गावाने देवळाच्या पायरीशी बांधले त्या समाजातील स्त्रीचा आवाज ताऱ्यांमधल्या अवकाशात गेला आहे!

आणि भूमीवर काय घडत होते? १९४६ च्या सुमारास आकाशवाणीने, ज्यांच्या खासगी जीवनाचा समाजात बोभाटा आहे अशा कलावंतांना कार्यक्रम देऊ नयेत, असे धोरण घेतले. म्हणजे दरवाजा बंद झाला तो कोणावर? ज्यांच्या गळ्यावर हे संगीत जगले त्या स्त्रियांवर. त्यांना आश्रय देणाऱ्या, त्यांच्या कोठ्यावर जाणाऱ्या पुरुषांच्या खासगी जीवनाची चौकशी कोणी केली काय? नाही. विद्या घ्यायची, चीजा घ्यायच्या आणि देणाऱ्याला उंबऱ्याबाहेर उभे करायचे, ही या देशाची जुनी रीत आहे. ती आम्हास कोणी नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

गाणारीचे नाव निदान तबकडीवर राहिले. साथीदारांचे तेही नाही. अहमदजान थिरकवाँसारखा एखादा अलौकिक माणूस आपल्या नावाने उभा राहिला, रामनारायण यांनी १९५० च्या दशकात साथीची जागा सोडून सारंगी एकल वादनाच्या मंचावर नेली. पण हे अपवाद. ७८ फेऱ्यांच्या हजारो तबकड्यांवर सारंगी आणि तबला वाजतो आहे आणि वाजवणाऱ्याचा पत्ता नाही. सारंगी वाजवणारे बहुतेक मिरासी, ढाढी अशा खालच्या मानलेल्या समाजांतले. कोठ्यावरची साथ म्हणून त्या वाद्यालाच कमी लेखले गेले. आम्ही फौजदारी कोर्टात काम करतो. तिथे पोलिसांच्या फिर्यादीतसुद्धा आरोपीचे नाव ठाऊक नसेल तर "अनोळखी इसम" असे लिहितात. गुन्ह्याच्या कागदावर अनोळखी माणसाला मिळणारी ती एक ओळ या कलावंतांना मिळाली नाही!

अजून खाली जा. तबकडी कशाची बनत होती? लाखेची. दगडाची भुकटी, काजळी आणि लाख यांचे ते मिश्रण. ही लाख छोटा नागपूरपासून मध्य भारतापर्यंतच्या जंगलांत पळस, कुसुम, बोरीच्या झाडांवर पिकत असे. फांद्यांवरून ती खरवडून काढणारे हात मुख्यतः आदिवासींचे. आपल्या विदर्भातील गोंदियाचे नावच गोंद आणि लाख यांच्या व्यापारावरून पडले असे सांगतात. १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच छापल्या जाऊ लागल्या. दिवाणखान्यात ज्या थाळीवर राग वाजत होता तिच्यात जंगलातला घाम मिसळलेला होता. हे संगीत अमुक एका वर्गाचे, असे म्हणणाऱ्यांनी एकदा ती थाळी हातात घेऊन पाहावी.

येथे संग्राहकांवर अन्याय होऊ नये म्हणून स्पष्ट सांगितले पाहिजे. आमच्या तोंडावर दार लावणारा संग्राहक हा सर्व संग्राहकांचा नमुना नव्हे. कंपन्यांनी मोडीत काढलेल्या तबकड्या चोरबाजारातून, भंगारातून, पदरचे पैसे घालून वाचवल्या त्या याच वेड्या माणसांनी. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने तबकड्यांच्या याद्या केल्या, नियतकालिक चालवले, ऐकण्याच्या बैठका घेतल्या. जे काम शासनाने करायचे ते अशा लोकांनी केले. त्यांचे ऋण मान्य करूनच आमची मागणी आहे.

मागणी कायद्याला धरून आहे. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम २७ नुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क ते प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. ती मुदत संपली की त्या ध्वनिमुद्रणावर कंपनीचा हा हक्क उरत नाही. ७८ फेऱ्यांच्या जमान्यातील बहुतेक तबकड्यांची मुदत संपलेली आहे. गीताचे शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा मोजला जातो, हे ध्यानात ठेवावे. पण पारंपरिक बंदिशींना तो प्रश्न क्वचितच येतो. २०१२ च्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याजवळील कृतीची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभाही दिली आहे. खासगी मैफलींच्या टेपांचा प्रश्न निराळा. तिथे कलावंताचे हक्क येतात, तेव्हा त्याच्या वारसांना विचारूनच पाऊल टाकावे.

म्हणून संग्राहकांना वकील या नात्याने आमचे सांगणे आहे. एक वही करा. तबकडीचा क्रमांक, कलावंत, राग आणि ती कुठून मिळाली, हे सारे लिहा. मृत्युपत्रात संग्रहासाठी एक कलम घाला आणि तो कोणत्या ग्रंथालयाला वा संस्थेला द्यायचा ते नाव घालून लिहा. दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात, नोंदणीही सक्तीची नाही. एका कागदाअभावी आयुष्यभराचे धन भंगारात जाऊ देऊ नका. आणि जिवंतपणी महिन्यातून एक दिवस कपाट उघडा. येणाऱ्याचे आडनाव विचारू नका.

आपल्या समाजालाही सांगणे आहे. विहारात, समाजमंदिरात, वाचनालयात ऐकण्याच्या बैठका सुरू करा. आपल्या शाहिरांच्या, भीमगीत गायकांच्या कॅसेटी घराघरात बुरशी धरून पडल्या आहेत. उद्या त्यांचीही तीच गत होणार आहे. त्यांच्यावर तरी ढोलकी कोणाची, हार्मोनियम कोणाचे, हे आजच लिहून ठेवा. सांगणारे म्हातारे अजून हयात आहेत तोवरच हे होईल. मोबाईलवर आज मागाल ते गाणे मिळते, पण साथीदाराचे नाव तिथेही बहुधा नसते. यंत्र बदलले, सवय बदललेली नाही.

आम्ही आमच्या अकरा तबकड्यांची यादी केली आहे. प्रत्येकीच्या पाकिटावर लिहिले आहे: तबला, अनोळखी कलावंत, सारंगी, अनोळखी कलावंत. त्या ढोलकीवाल्या मुलाला ते पटले नाही. "अनोळखी कशाला? शोधू की," असे तो म्हणाला. जुन्या तबलजींकडे त्या तबकडीची नक्कल घेऊन तो आता फिरतो आहे. वाचकांपैकी कोणाच्या घरी, ओळखीत असे जुने साथीदार वा त्यांची मुलेबाळे असतील तर त्यांना बोलते करा. आम्ही पाकिटावर ती ओळ पेन्सिलीने लिहिली आहे, खोडता यावी म्हणून.